पत्रकावरचे पिवळे ठिपके

महोदय,

1 नोव्हेंबरचा काळा दिन, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा दिवस, जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी पत्रके निघतात. हल्ली बरीचशी रंगीत लेझर प्रिंटरवरच. अशा अनेक प्रिंटरांतून प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने 2005 साली एका मॉडेलचे ठिपके उलगडले, तर त्यात यंत्राचा अनुक्रमांक, छपाईची तारीख आणि वेळसुद्धा निघाली! नकली नोटा पकडायला हे, असे सांगतात. पकडा की. पण सभेच्या पत्रकावर, तक्रार अर्जावर ही खूण कशाला? काळ्या-पांढऱ्या लेझरमध्ये पिवळा टोनरच (शाईची पूड) नसतो, तेव्हा तूर्त तोच बरा. कंपन्यांनी निदान खोक्यावर तरी हे ठळक छापावे.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव