दीड गोणी युरियासाठी: कृषिमंत्र्यांना एका कांदा उत्पादकाचे खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याचा शेतकरी असून दीड एकरावर रब्बी कांदा घेतो. गेल्या आठवड्यात कांदा साठवायची चाळ मोकळी करताना तळच्या थराला हात घातला, तर बोटे कांद्यात रुतली आणि काळे पाणी मनगटापर्यंत ओघळले. त्याच दुपारी माझ्या शेताची मृद आरोग्य पत्रिका घरी आली. मातीचा नमुना मी गेल्या वर्षी मे महिन्यात दिला होता. लागण, काढणी आणि सड हे सगळे उरकल्यावर पिकाला खत किती द्यावे हे कळवल्याबद्दल मी आपल्या खात्याचा ऋणी आहे.

पत्रिकेतला मजकूर चुकीचा नाही. हेक्टरी 20 ते 25 टन चांगले कुजलेले शेणखत, 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद, 50 किलो पालाश. निम्मे नत्र लागणीच्या वेळी आणि उरलेले 30 व 45 दिवसांनी. आमच्या चुनखडीच्या, सेंद्रिय कर्ब आटलेल्या रानात नुसता युरिया टाकला की पात आठ दिवस हिरवीगार दिसते आणि मग उतरते. खाली शेणखत असेल तर माती ओल धरते आणि गोणीतले नत्र मुळाशी टिकते. नुसत्या शेणखतावरही भागत नाही, कारण टनामागे जेमतेम पाच किलो नत्र असते आणि पहिल्या हंगामात त्यातले थोडेच पिकाच्या वाट्याला येते. दोन्ही लागतात, हे आमच्या वडिलांना पत्रिकेशिवाय ठाऊक होते.

फरक इतकाच की वडिलांच्या दावणीला सहा जनावरे होती. 2019 च्या दुष्काळात चारा छावणीत राहून आलेली बैलजोडी मी त्याच वर्षी विकली, आणि उकिरडा तेव्हाच संपला. आता दीड एकराला चार ट्रॉल्या शेणखत घ्यायचे तर ट्रॉलीला पाच हजार मोजावे लागतात, म्हणजे वीस हजार. मी दोनच घेतल्या. त्यातली एक निम्मी कच्ची निघाली, तिने रानात मुळे खाणारी हुमणी अळी आणली आणि खुरपणीची मजुरी वाढवली. उरलेल्या तुकड्यावर लेंडीखतासाठी दोन रात्री मेंढ्या बसवल्या. तेवढा तुकडा चांगला पोसला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मग उरला युरिया. दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्याला मला हिशेबाने जेमतेम दीड गोणी हवी होती. ऐन गरजेच्या वेळी दुकानदार म्हणाला, "गोणीबरोबर द्रवखताची बाटली घ्यावी लागेल, नाहीतर माल नाही." असे लिंकिंग, म्हणजे एका खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारणे, करणाऱ्याची गय केली जाणार नाही, असे आपले खाते दर हंगामाच्या तोंडावर जाहीर करते, म्हणून मी भाबडेपणाने तक्रार केली. तक्रारीनंतर त्याच दुकानात माझ्यासाठी युरिया शिल्लकच राहिनासा झाला. सात हेलपाटे घालून शेवटी बाटलीसह दोन गोण्या आणल्या, तेव्हा पीक 70 दिवसांचे झाले होते. एवढ्या उशिरा नत्र देऊ नये हे मला कळत होते. पण पिवळी पात पाहवली नाही आणि मी ते टाकले. ती चूक माझी. कांद्याची मान जाड राहिली, ती सुकलीच नाही, आणि चाळीत मानेतूनच सड शिरली. माझ्या अंदाजाने निम्मा माल गेला. वजन करण्याइतका धीर मला झाला नाही.

महोदय, बायोगॅस प्रकल्पातून निघणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे 1,500 रुपये साहाय्य देण्याचा निर्णय केंद्राने 2023 मध्ये घेतला. माझ्या शेजाऱ्याच्या गोठ्यातल्या शेणात असे काय उणे आहे, की त्याच्या खड्ड्याला आणि मी भरलेल्या ट्रॉलीला काहीच मिळू नये? शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे पुरतो, म्हणून त्यात पैसा घालायला पुढच्या भावाची थोडी तरी खात्री लागते. 8 डिसेंबर 2023 रोजी एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला सोलापूर बाजारात 512 किलो कांद्याचे, खर्च वजा जाता, दोन रुपये हाती आले होते. अशा बाजारासाठी वीस हजारांचे शेणखत घाला, असा सल्ला देणाऱ्याने निदान एक ट्रॉली स्वतःच्या खिशातून भरून पाहावी.

माझ्या मागण्या लहान आहेत. पत्रिका लागणीपूर्वी यावी. गोणी बाटलीशिवाय मिळावी, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव दुकानदारापर्यंत पोहोचू नये. गावातला खत-खड्डा साहाय्यास पात्र ठरावा.

सोबत पत्रिकेची प्रत आणि दोन गोण्यांची 533 रुपयांची पावती जोडली आहे. बाटलीची पावती दुकानदाराने दिली नाही. बाटली मी अजून फोडलेली नाही. आपल्या खात्याला पुरावा म्हणून हवी असल्यास कोणालाही पाठवून न्यावी.

आपला,
मोहोळ तालुक्यातील एक कांदा उत्पादक