मौनाला नुसतं हेल्थच्या पानावर बसवू नका

मा. संपादक,
स. न.

हल्ली पुरवण्यांमधे मौनाबद्दल काही आलं की ते बहुतेक हेल्थच्या पानावरच येतं, ताण कमी होतो, झोप लागते, कामात फोकस वाढतो वगैरे. होत असेल, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण ज्या गोष्टीला आपल्याकडे तप म्हटलंय तिला बीपीच्या गोळीशेजारी नेऊन ठेवलं की तिचं मुख्य काम काय ते कुणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र.

गीतेच्या 17व्या अध्यायात तप तीन प्रकारचं सांगितलंय, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मला कित्येक वर्षं वाटायचं मौन हे वाणीच्या तपातच असणार, बोलणं थांबवायचं म्हणजे जिभेचाच प्रश्न ना. मग एकदा सावकाश वाचलं तेव्हा दिसलं की 15व्या श्लोकात वाणीचं तप म्हणून दुसऱ्याला न टोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं आणि स्वाध्याय एवढंच आहे, आणि मौन आलंय त्याच्या पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात, मनाची प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्या जोडीला. म्हणजे जिभेने चांगलं बोलायला शिकायचं आणि गप्प बसायला शिकायचं ते मनाने! मी त्या दिवशी दुसरं काही वाचलंच नाही.

माझं काम दिवसभर फोनवर बोलायचं आहे, घरी आल्यावर घरचं बोलणं, आणि रात्री सगळे झोपले की ग्रुपवरचं बोलणं. तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की सकाळचा अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही आणि मोबाईलला हात लावायचा नाही. पहिले काही दिवस फार वाईट गेले हे खरं सांगते. बाहेर शांत पण आत नुसता बाजार, आदल्या दिवशी कोण काय बोललं, त्याला मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते उत्तर पुन्हा पुन्हा अजून धारदार करून मनात म्हणायचं, असं सगळा अर्धा तास. आपल्याकडे वाणीचे परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असे चार प्रकार मानलेत, त्यातली वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडते ती, आणि मध्यमा म्हणजे आतल्या आत चाललेली. तेव्हा मला समजलं की मी वैखरी बंद केली होती आणि मध्यमा दुप्पट जोरात चालू होती. बरेच जण नेमके इथेच सोडून देतात, म्हणतात मला नाही जमत, माझं मन फार चंचल आहे. अहो पण तो गोंगाट रोजच असतो, फक्त रोज आपण त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलत असतो म्हणून ऐकू येत नाही. तो ऐकू आला म्हणजे मौन सुरू झालं असं मी आता धरते.

अजून एक, मौन आणि अबोला यात लोक गल्लत करतात. अबोला मीही धरलाय, चार चार दिवस, आणि त्या चार दिवसांत मनातून मी समोरच्याशी जेवढी बोलले तेवढी एरवी महिन्यात बोलत नाही. अबोल्यात सगळं लक्ष समोरच्यावर असतं, त्याला कळतंय का, लागतंय का. मौनात बघायचं असतं स्वतःकडे आणि तिथे बघितलं की आपलीच चूक आधी दिसते, कदाचित म्हणूनच ते अवघड जात असेल.

टाइप करणं हेसुद्धा बोलणंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला मौन घेतलं ते 1969 मधे देह ठेवेपर्यंत, आणि बरीच वर्षं ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून शब्द सांगायचे, ती त्यांची वाट वेगळी, त्यांचा अधिकार वेगळा. पण आपल्यासारख्यांना विपश्यना ध्यानाच्या 10 दिवसांच्या शिबिरातला नियम जास्त उपयोगाचा आहे, तिथे आर्य मौनात खाणाखुणाही नाहीत, मोबाईल सुरुवातीलाच जमा, आणि शंका असेल तर आचार्यांना विचारता येतं, काही गरज पडली तर व्यवस्थापकांना सांगता येतं. तोंडाने गप्प राहून अंगठ्याने शंभर मेसेज पाठवायचे याला मी मौन म्हणणार नाही.

आता संसारात हे कसं जमायचं, घरात आजारी माणूस असेल तर काय, असं मला खूप जण विचारतात, खास करून बायका. त्यांना मी गांधीजींचं सांगते. सोमवार हा त्यांचा मौनाचा दिवस. 2 जून 1947, फाळणीच्या वाटाघाटी चालू, आणि तो सोमवार होता. व्हाइसरॉय माउंटबॅटनना भेटायला ते गेले आणि जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून बोलले. त्यात त्यांनी लिहिलं होतं की मौनाला मी दोनच अपवाद ठेवलेत, एक तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणं आणि दुसरा आजारी माणसाची सेवा. मला त्यातला दुसरा अपवाद फार आवडतो. माझ्या आईच्या आजारपणात माझा अर्धा तास कितीतरी वेळा मोडला, तिने हाक मारली की मी ओ द्यायचेच आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवसांत एक जाणवलं, तिची हाक आणि माझं उत्तर यात एक छोटीशी जागा तयार झाली होती, पूर्वी मी "आले गं, थांब जरा" असं वैतागून ओरडायचे, तो वैताग तोंडापर्यंत येताना आता मला आधीच दिसायचा आणि बहुतेक वेळा तिथेच विरायचा. बीपी कमी झालं का ते मी मोजलेलं नाही.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी मौनावर पान काढाल तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा, पण जे वर्षानुवर्षं मौन पाळतायत अशा एक दोन साधकांनाही विचारा, आणि त्यांना फायदे विचारू नका, त्या वेळात आत काय दिसतं ते विचारा. ते छापलंत तर मी नक्की वाचीन.

आपली,
एक नियमित वाचक