पाऊस पडत होता आणि मी पाऊस मागत होते

नगर,
रविवार, दुपार

प्रिय सखे,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र गुरुवारी आलं, तेव्हापासून तीनदा वाचलं. सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्याचं वाचून जीव कळवळला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं काय असतं ते मी आईच्या वेळी पाहिलंय. म्हणून तू सहज लिहिल्यासारख्या लिहिलेल्या ओळीसुद्धा मला जड वाटल्या.

पण सगळ्यांत जास्त लागलं ते शेवटचं. पहाटे साडेपाचला उठते, स्तोत्र वाचते, डोळे मिटते, आणि सगळं हजेरीपटावर सही केल्यासारखं होतं, असं लिहिलंयस. वर विचारतेस, "तुझं बरं चाललं असेल, तुझ्यात पहिल्यापासून गोडी होती." अगं, तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते.

गेल्या वर्षी पावसाने किती ओढ दिली तुला माहीतच आहे. जून कोरडा गेला. चर्चमध्ये दर रविवारी मंडळीची पावसासाठी खास प्रार्थना व्हायची, मीही घरी रोज पहाटे मागायचे. जुलैतली एक सकाळ. मी नेहमीच्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि सुरू केलं, "हे प्रेमळ, दयाळू स्वर्गीय पित्या, या नव्या दिवसाबद्दल तुझे उपकार मानते..." पुढचं तुला पाठ आहे. आजारी, प्रवासी, विधवा, अनाथ, पाळकसाहेब, देशाचे अधिकारी, आणि मग, "प्रभू, या तहानलेल्या भूमीवर पाऊस पाठव." आमेन म्हटलं, उठले, दूध घ्यायला मागचं दार उघडलं. अंगणात पाणी साचलेलं. पन्हळीखालची बादली भरून वाहत होती. रात्रीपासून पत्र्यावर ताडताड वाजत होतं, माझ्याच डोक्यावर, आणि मी त्याच आवाजात पाऊस मागून उठले होते.

मी तिथंच पायरीवर बसले. त्याने दिलं होतं, आणि मी मागतच होते. त्या क्षणी मला भीती वाटली, खरंच सांगते. मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते? समोर कुणी आहे असं धरून बोलत असते, तर निदान एकदा डोळे उघडून पाहिलं असतं ना?

त्या दिवशी बायबलातला निर्गमाचा सोळावा अध्याय काढून वाचला. मान्ना, म्हणजे देवाने इस्राएलाला रानात दिलेलं ते अन्न, रोज सकाळी गोळा करायचा, त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा टिकायचा. रविवारच्या शाळेत हा पाठ मी किती वेळा शिकवला असेल! आणि मी स्वतः मात्र बोर्डिंगमध्ये वयाच्या दहाव्या वर्षी गोळा केलेल्या वाक्यांवर साठी गाठली.

मग मी सुरुवात अगदी छोटी केली. कोपरा सोडला आणि मागच्या पायरीवर बसायला लागले, दार उघडं ठेवून, डोळेही उघडे ठेवून. आपल्या मेट्रनबाईंनी पाहिलं असतं तर खांद्यावर हात ठेवून डोळे मिटायला लावले असते. पण मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू मोठ्या पहाटे उठून अरण्यात गेला असं लिहिलंय, खोलीत गेला असं नाही. पहिले काही दिवस मी काहीच बोलले नाही. शेजारच्यांचा लिंब, त्यावरचे पोपट, दूधवाल्याची सायकल. जे दिसेल त्याबद्दल एक वाक्य. "हा पोपट तुझा." बस्. तुला हे फार थोडं वाटेल, पण ते वाक्य त्या सकाळचं होतं.

त्यानंतर अभंग आला, तो कसा ते सांगते. तुला माझी आजी आठवते ना, वांबोरीची? ती जात्यावर बसली की येशूच्या ओव्या म्हणायची. पीठ संपेपर्यंत ओवी संपायची नाही, आणि त्यातल्या निम्म्या तिथल्या तिथं जुळवलेल्या असायच्या. पिठात खडा लागला तर खड्याची ओवी, मामाचं पत्र आलं तर पत्राची. तिला कुणी सांगितलं नव्हतं की प्रार्थना वेगळी आणि दळण वेगळं. मग आपल्याकडूनच हे कुठं सुटलं? थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातला जेझुइट पाद्री गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत. परक्या मुलखातल्या माणसाला कळलं की इथल्या माणसांना देवाची गोष्ट ओवीतच पोचेल. आणि आपल्या नगरचे नारायण वामन टिळक! १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तुकोबांचा हात सोडून ते प्रभूकडे आले नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असं ते म्हणत. त्यांच्यामागे अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या जीवनावरचं ते काव्य, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. आपण उपासना संगीत उघडून त्यांची गीतं गातो, पण त्यांनी केलं ते करत नाही. त्यांनी स्वतःच्या भाषेत स्वतःच्या दिवसाची भाकर भाजली होती.

म्हणून मी ठरवलं, रोज सकाळी चारच चरण. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. बोटांवर मोजायचं. शाळेत मुलांना शिकवलेलं कामी आलं. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं कापून एक वही शिवली. पहिला हा:

उघडली दारे
आत आला वारा
तोच तुझा सारा
आशीर्वाद

काव्य म्हणून त्यात काही नाही, मला ठाऊक आहे. पण ही सहा-सहा अक्षरं मोजताना मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. ठरलेली वाक्यं जीभ एकटी म्हणू शकते. अक्षर मोजायला आणि यमक शोधायला मात्र सगळं माणूस हजर लागतं. दुसऱ्या आठवड्यातला हा:

दूध उतू गेले
ओटा पुसू आधी
बसते मी साधी
तुझ्यापाशी

'साधी' हा शब्द यमकासाठी आला, आणि आल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. साठ वर्षांत मी देवापुढे कधी साधी बसले नव्हते. नेहमी 'नम्रपणे' बसायचे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबलचं भाषांतर केलं, तेव्हा त्यांचा हट्ट हाच होता की त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या अडाणी बाईलाही ते कळावं. मग त्याच देवाशी बोलताना आपण एवढे जड शब्द का घालतो?

मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंना मी वही दाखवली. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "बाई, प्रार्थना म्हणजे खेळ नव्हे." मला त्यांचं म्हणणं झटकून टाकता येईना. पुष्कळ दिवस डोक्यात राहिलं. मग एकशे एकोणिसावं स्तोत्र वाचत होते. बावीस कडवी, प्रत्येकात आठ वचनं, एकूण एकशे शहात्तर. मूळ हिब्रूत पहिल्या कडव्यातलं प्रत्येक वचन आलेफ अक्षराने सुरू होतं, दुसऱ्यातलं बेथने, असं शेवटच्या तावपर्यंत. विलापगीतातही तेच. यरुशलेम जळून गेलंय, लेकरं उपाशी मेलीत, आणि रडणारा माणूस मुळाक्षरांच्या क्रमाने रडतोय. त्याला कुणी म्हणेल का, हा खेळ करतोय? दुःख इतकं मोठं होतं की त्याला धरायला काठी लागली असेल, असं मला वाटतं. आणि त्याच विलापगीताच्या पाचांपैकी मधल्या, तिसऱ्या अध्यायात, देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे येतं.

तेव्हापासून मी मुळाक्षरं घेतली. रोज एक. 'क'ला कमल, म्हणजे आपली कमल, जिच्याशी मी वीस वर्षं बोलले नव्हते. तिच्यासाठी प्रार्थना केली आणि दुपारी फोन केला. 'ख'ला खोकला, दादाचा. 'घ'ला घर, धाकटीचं, हप्ते थकलेलं. आणि 'ङ' आला. ङ ने मराठीत शब्दच सुरू होत नाही! म्हणून त्या सकाळी काही म्हटलं नाही. नुसती पायरीवर बसले. 'ञ'लाही तसंच, 'ण'लाही. मला आता त्या अक्षरांची वाट बघायची सवय झालीय. आज 'भ' झाला, पुढे 'ळ' यायचाय.

'भ'ला अर्थात भाकर. आपल्या बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' म्हटलंय, आणि आपण ते म्हणताना कधी तव्याकडे पाहिलंय का? मी हल्ली ती ओळ ओट्यापाशी म्हणते. भाकरी थापताना, एका भाकरीला एक घर. आमची पहिली, समोरच्या पोरांची दुसरी, ऊसतोडीला गेलेल्यांची तिसरी. फुगली की पुढचं नाव.

पण सखे, एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. फेब्रुवारीत दादाचं ऑपरेशन झालं. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, वही पिशवीत होती, आणि मला एक अक्षर सुचेना. अभंग नाही, ओवी नाही. तोंडातून आलं ते तेच, "हे प्रेमळ, दयाळू स्वर्गीय पित्या." ज्याला मी शिळं म्हटलं होतं ते. चार तास त्याच एका वाक्याने मला धरून ठेवलं. तेव्हापासून त्या जुन्या वाक्यांना मी नावं ठेवत नाही. ती घरातल्या जुन्या गोधडीसारखी आहेत. रोज अंगावर घेऊन फिरू नये, पण थंडीत तीच लागते. शब्बाथाच्या आदल्या दिवशीचा मान्ना टिकायचा तो कदाचित यासाठीच.

आता तुझ्याबद्दल. तुझ्याकडे पायरी नाही, तिसरा मजला आहे. निवांत सकाळ नाही. म्हणून माझं जसंच्या तसं उचलू नकोस. तू लिहिलंयस की डॉक्टरांनी दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलायला सांगितलीय. मग साडेपाचची अर्धा तास प्रार्थना थोडे दिवस सोडून दे. हो, मी सांगतेय, सोड. त्याऐवजी प्रत्येक वेळी कूस बदलताना एक वाक्य. त्या वेळचं, त्या हातांचं. मी तुझ्यासाठी एक जुळवलाय:

कूस बदलता
हात माझा थके
तुझे हात निके
लागू देत

'निके' हा संतांचा शब्द आहे, तुला आवडेल म्हणून घातला.

आणि दुसरं. सासूबाईंची जीभ जड झालीय, पण पाठ असलेलं अजून म्हणतात असं तू लिहिलंस. मग एकशे छत्तिसावं स्तोत्र घे. सव्वीस वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. पहिला भाग तू म्हण, धृपद त्यांना म्हणू दे. दोन-चार दिवस स्तोत्रातलंच म्हणा, सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र. मग हळूहळू तुमच्या घरातलं घाल. "आज रात्री दोनदाच उठावं लागलं." त्या म्हणतील, "त्याची दया सनातन आहे." "जखम थोडी सुकली." "त्याची दया सनातन आहे." "गॅस संपला आणि शेजारणीने दिला." बघ, त्या किती वेळ टिकतात ते. त्यांच्याही प्रार्थनेला कुणी सोबत करत नसेल गं. दिवसभर सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, त्यांच्याबरोबर कोण करतं?

आणि ज्या दिवशी सनातन दया म्हणवणार नाही, त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं काढ. ते अंधारातच संपतं. शेवटी उजेड नाही, आभार नाहीत. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, म्हणजे तसं बोलायची परवानगी आहे. मोठ्याने वाच, आणि तिथंच थांब. पुढे काही चांगलं जोडायचा प्रयत्न करू नकोस.

येत्या शनिवारी मी सकाळच्या एसटीने येते. चार रात्री राहीन. रात्रीची कूस मी बदलेन, तू झोप. येताना बाजरीचं पीठ आणते, पुण्यात तुला मनासारखं मिळत नाही म्हणतेस ना.

सासूबाईंना माझा सलाम सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
बोर्डिंगमधली शेजारच्या चटईवरची

ता. क. – हिशोब केला. मी तुझ्याकडे असेन तेव्हाच 'ळ' येतोय. त्या सकाळी तिघी मिळून गप्प बसू.