गुडघा

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत.

थोरल्याचं सांगायचंय. हिला सांगता येत नाही, म्हणून तुला.

शाळेत फुटबॉल खेळताना हा चेंडू घेऊन निघाला की तिघांना चकवूनच थांबायचा. सराव कशाला लागतोय? पेठेतली माणसं मिसळ खिलवायची, "हा शाहू स्टेडियम गाजवणार" म्हणायची. मीही फुगलो. कॉलेजात गेला तर तिथं प्रत्येकजण आपापल्या शाळेतला हाच! कोच पहाटे सहाला नुसतं पळवतात, बीप वाजेल तसं 20 मीटर जा, 20 मीटर ये. चेंडू तासाभरानं दिसतो. हा निम्म्यातच कंबरेवर हात ठेवून उभा. पहिल्या सामन्यात चकवाचकवी करायला गेला, तर स्टॉपरनं नुसत्या खांद्यानं आडवा केला. पुढच्या दोन मॅच बाकावर. तिसरीला गुडघा दुखायला लागला.

गुडघा, बाळ्या!

मंगळवारी नीकॅप उजव्या पायात होती, गुरुवारी डाव्या. जिन्यात मी त्या गुडघ्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघंही गप्प. मला रंकाळ्याचा कठडा आठवला. तू क्रेप बँडेज गुंडाळत होतास, "नीट लंगड लेका, लोकांना पटायला पाहिजे." आणि माझ्याच जागी खेळून फायनलला गोल मारलास! ऑफसाइड होता तो. दोन वर्षं बोललो नाही तुझ्याशी, त्याचं मला अजून काही वाटत नाही.

रिझर्व्हमध्ये बसायची लाज वाटली म्हणून मी लंगडलो, हे आपल्या दोघांतच राहिलं. घरात मात्र लिगामेंट गेलं नसतं तर बाबा युनिव्हर्सिटी खेळले असते, ही कथा. पोरगं तीच ऐकत वाढलंय.

परवा धीर करून पैलवान खाशाबा जाधवांचं काढलं. मातीतला गडी, मॅटची सवय नाही, 1948 ला लंडन ऑलिंपिकला सहावा आला. चार वर्षं घाम गाळला आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं, हेही सांगितलं. पोरानं सगळं ऐकून घेतलं नि विचारलं,

"बाबा, तुमचा कुठला गुडघा?"

"डावा."

"मग पावसाळ्यात उजवा का चोळता?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीच्या नोकरीचं कळव. पुण्याचं पाणी सोसत नसलं तर तुझं तू बघ.

जोतिबाच्या यात्रेला येणार आहेस, तेव्हा तो तुला गाठून विचारणार, हे नक्की. काय सांगायचं ते आधी ठरवून कळव. म्हणजे त्या वेळी मी घरात बसायचं का गंगावेशीत दूध प्यायला जायचं, ते मला ठरवता येईल.

तुझाच,
लंगड्या