मागचे शॉकअप बसवायला मदत केलेल्यांचे आभार
जुन्या मोटारसायकलला बाहेरचे (मूळ कंपनीचे नसलेले) शॉकअप बसवताना मदत केलेल्या नाशिकच्या सर्वांचे मनापासून आभार. सातपूरच्या लेथवाल्या काकांचे सगळ्यात आधी: शॉकअपच्या टोकाच्या बुशचं, म्हणजे रबरात बसवलेल्या नळीचं, भोक १२ मिमी, बोल्ट १० मिमीचा. त्यांनी १ मिमी जाडीची स्टीलची स्लीव्ह (आत बसणारी नळी) करून दिली, अंगठ्याने दाबून बसेल इतकी नेमकी.

एका वेळी एकच बाजू सोडायला सांगणाऱ्या मेकॅनिक दादांचेही. दोन्ही सोडल्या की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) मोकळा लोंबकळतो. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी दोन्ही चाकांवर उभी असताना, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हेही त्यांनीच दाखवलं. शॉकअप मूळ लांबीचाच घ्यायला लावला ते फार बरं केलं: लांब असला की डबल स्टँडवरही चाक जमिनीला टेकतं.

चेनचा ताण पुन्हा बघून देणाऱ्या त्या मुलालाही धन्यवाद.