समासातल्या दोन ओळी

घाटकोपर, रविवार

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, "आई, थिअरी सगळी इकडची, पश्चिमेची असते, आपल्याकडून जातो तो फक्त डेटा." तेवढ्यात तुझी क्लासची वेळ झाली आणि तू फोन ठेवलास. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून सोडत नाही. फोनवर माझं बोलणं जेवलास का, थंडी किती आहे यातच संपतं, म्हणून लिहायलाच बसले.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मी दोनदा वाचला. संपानंतरच्या गिरणगावातल्या बायकांवर काम करणार आहेस, याचं किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पण शेवटची पुस्तकांची यादी वाचली आणि वाईट वाटलं. चार पानांत आपल्याकडचं एकही नाव नाही. लालबाग-परळ आहे, पण उदाहरण म्हणून.

तुला एक गोष्ट कधी नीट सांगितलेली नाही. १९८३ साली मी बी.ए. होऊन घरी बसले होते, तेव्हा एका संस्थेच्या पाहणीत अन्वेषक म्हणून चार महिने काम केलं. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, अडीच लाख कामगार बाहेर होते. आम्हाला छापील फॉर्म दिला होता, इंग्रजी. प्रश्न मनातल्या मनात मराठीत करायचा, विचारायचा, उत्तर पुन्हा इंग्रजीत करून चौकटीत बसवायचं.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई होत्या. दहा बाय बाराची खोली. संपाआधी त्यांच्याकडे अकरा जण जेवायला होते, सगळे गावाकडचे, एकटे राहणारे कामगार. मी गेले तेव्हा परातीत भाकरीचं पीठ मळणं चाललं होतं. मी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" हात न थांबवता म्हणाल्या, "मी? मी काय नाय करत. घरीच असते." मी फॉर्मवर लिहिलं, 'घरकाम'.

पुढचा प्रश्न कर्जाचा होता. नवऱ्यावर वाण्याचं होतं, ते लिहून घेतलं. उठता उठता दाराच्या मागे लक्ष गेलं. खडूच्या उभ्या रेघा होत्या, पाच पाचचे जुडगे, प्रत्येक ओळीपुढे एकेक खूण. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "जेवणाचं येणं. पगार नाय तर पैसे कुठून देतील? पण उपाशी कसं ठेवायचं?" अकरातले पाच गावी निघून गेले होते. सहा जण अजून जेवत होते, उधारीवर.

फॉर्ममध्ये 'देणं' या शब्दाला रकाना होता, 'येण्या'ला नव्हता. त्या बाई कुणाला काही देणं लागत असतील असं फॉर्म करणाऱ्याला सुचलं होतं. त्यांच्या जिवावर सहा माणसांचा संप चालला असेल, हे सुचलं नव्हतं. मी समासात दोन ओळी लिहिल्या. संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षकांनी त्या लाल पेनने खोडल्या. म्हणाले, कोडिंगला, म्हणजे उत्तराला आकडा द्यायला, येत नाही ते लिहायचं नाही.

सोनू, मला त्या दिवशी राग आला होता, पण कशाचा ते कळलं नव्हतं. ते पुढे नीरा देसाई वाचल्या तेव्हा कळलं. 'एसएनडीटी' महिला विद्यापीठात त्यांनी १९७४ साली स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, देशातल्या विद्यापीठांतलं ते पहिलं. बाई काम करत नाहीत असं नाही, मोजणारा ते मोजत नाही, हे त्या पिढीने ठासून सांगितलं. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईला अजून ९२ नाहीतर ९३ असा आकडा मिळतो आणि ती श्रमशक्तीच्या बाहेर जाते. आणि विद्वानांइतकंच हे कळलं होतं प्रेमाताई पुरवांना. त्यांनी १९७५ मध्येच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्यांना फॉर्म 'घरकाम' म्हणत होता त्यांना बँकेने धंदेवाल्या म्हणून पैसे दिले. ही थिअरी नव्हे तर काय?

तू म्हणशील, हे भावनेचं झालं. मग तुझ्या शास्त्रातलंच घे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र १९१९ साली सुरू झालं, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली. १९२४ पासून ते गो. स. घुर्यांनी सांभाळलं. मालवणचा माणूस, संस्कृतचा विद्यार्थी, केंब्रिजहून शिकून आलेला. साहेबाच्या शास्त्रांत वाटणी ठरलेली होती: स्वतःच्या समाजाचं ते समाजशास्त्र, आपल्यासारख्यांचं ते मानववंशशास्त्र. मुंबईत ही भिंत फारशी टिकली नाही. घुर्यांच्या हाताखालून एम. एन. श्रीनिवास गेले, इरावतीबाई कर्वे गेल्या, अ. र. देसाई गेले, आणि प्रत्येकाने आपापली वेगळी वाट धरली. श्रीनिवासांचा 'संस्कृतीकरण' हा शब्द, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं, आज जगभर वापरतात. तो कर्नाटकातल्या कूर्गच्या लोकांमध्ये राहून सुचला, आणि कूर्गचं ते काम त्यांनी ऑक्सफर्डला जाण्याआधी इथेच सुरू केलं होतं.

घुर्यांचं सगळं मी मानते असं नाही. आदिवासींना त्यांनी १९४३ साली 'मागासलेले हिंदू' म्हटलं, ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आणि त्याहून मोठी खंत दुसरी आहे. माझ्या कॉलेजात जातीवरचा अख्खा पेपर होता. त्यात घुर्ये होते, आंबेडकर नव्हते. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचविशीत होते. जात टिकते ती जातीतच लग्न लावल्याने, आणि ते जमवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, मुलींची लहानपणी लग्नं हे सगळं बाईच्या अंगावर येतं, असं त्यांनी त्यात मांडलं. दोन वर्षांनी ते याच मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. सैद्धांतिक मांडणी आपल्याकडे नव्हती असं नाही रे, आपणच ती आपल्या मुलांना शिकवली नाही. तो दोष तिकडच्या कुणाचा नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्था खूप झाल्या. पुण्यात धनंजयराव गाडगिळांची गोखले संस्था १९३० पासून होतीच. पुढे १९६९ मध्ये सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी दिल्लीत परिषद निघाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९५० ला नमुना पाहणी सुरू झाली. सचिन चौधुरींनी मुंबईतूनच १९४९ ला साप्ताहिक काढलं, तेच पुढे १९६६ पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', म्हणजे तुमचं 'ईपीडब्ल्यू'. हे सगळं मोठंच काम. पण प्रश्न बराचसा सरकारचा असायचा: किती धान्य, किती रोजगार, किती गरीब. नव्या देशाला ते हवंही होतं. त्याआधी प्रश्न जिल्ह्याजिल्ह्याची माहिती छापणाऱ्या गॅझेटियरवाल्या साहेबाचा होता. आता तुझ्या बाबतीत तो तुला पैसे देणाऱ्या विद्यापीठाचा होईल, याची मला काळजी वाटते. लालबागच्या त्या बाईंचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

म्हणून दोन गोष्टी मागते. डिसेंबरात येशील तेव्हा तिकडून तयार प्रश्नावली आणून तिचं मराठी करू नकोस. आधी आठ दिवस नुसता जाऊन बस. आता टॉवर झालेत, पण जुन्या चाळी आहेत, बायका आहेत, ऐंशीच्या घरातल्या. बोलतील. 'येणं', 'खाडा', 'बदली', 'पाळी' हे त्यांचे शब्द इंग्रजी करताना काय गळून पडतं ते बघ. तुझा प्रबंध बहुधा तिथेच आहे.

दुसरं, निदान एक प्रकरण मराठीत लिही. ज्यांना विचारलंस त्यांना वाचता आलं पाहिजे, त्यांच्या नातींना तरी. शुद्धलेखन मी तपासून देईन. संदर्भ लागले तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात माझं सभासदत्व आहे.

आणि हो. पर्यवेक्षकांनी खोडलेल्या ओळी मी रोज घरी येऊन एका दोनशे पानी वहीत उतरवायचे. वही कपाटात खालच्या खणात आहे. पहिली काही पानं वाळवीने गेली, पण त्या खोलीचं पान शाबूत आहे. दारामागच्या रेघाही मी तशाच काढून घेतल्या होत्या, खुणांसकट. आलास की तुझ्या हातात देईन.

तुझी,
आई