अमेरिकेचे अध्यक्षपद आणि जन्माची अट

महोदय,
अमेरिकेचा अध्यक्ष जन्मतः नागरिक असावा, अशी अट तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात आहे. पण जन्मतः नागरिक कोणाला म्हणायचे, हे घटनेत कुठेच सांगितलेले नाही. म्हणून तोच वाद पुन्हा पुन्हा उकरला जातो. अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या क्षेत्रात जन्मले, टेड क्रूझ कॅनडात. त्यांच्यावर प्रश्न उठले. कमला हॅरिस तर अमेरिकेतल्या ओकलंडमध्येच जन्मल्या, तरी आईवडील परदेशी म्हणून त्यांच्या पात्रतेवर शंका घेतली गेली. हा उघड अन्याय होता. अमेरिकेत राहणाऱ्या चिनी दांपत्याचा तिथे जन्मलेला मुलगा नागरिकच, असे सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क खटल्यात १८९८ मध्येच ठरवले आहे.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून गेले. ते देशाचे कायदे करू शकतात, अध्यक्ष मात्र होऊ शकत नाहीत! परकी माणूस सेनेचा प्रमुख होईल, ही घटना लिहिली गेली तेव्हाची, १७८७ मधली भीती समजू शकते. आज तो निर्णय मतदारांवर सोपवायला हवा. आपल्या घटनेचे कलम ५८ राष्ट्रपतिपदासाठी जन्माने नागरिक आणि नोंदणीने नागरिक असा भेद करत नाही.

— एक वाचक, पुणे